विश्लेषण : एवढी मोठी तोफ असताना रणगाड्याला मशीनगन कशासाठी?

अमेरिकेच्या ‘एम१ए२ अब्राम्स’ रणगाड्यात १२० मिमी तोफेचे ४२ गोळे मावतात. त्याच रणगाड्यात मशीनगनच्या ७.६२ मिमी गोळ्या मात्र दहा हजारांहून अधिक असतात. रणगाड्याचे छायाचित्र पाहताना नजर तोफेच्या लांबलचक नळीवर खिळते. नळीशेजारचे छोटे भोक आणि छतावरची मशीनगन यांच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पण गेल्या शंभर वर्षांत रणगाड्याला संपवणारा शत्रू अनेकदा दुसरा रणगाडा नव्हताच. खड्ड्यात, झुडपात किंवा खिडकीआड दडलेला एखादा सैनिक होता. ही दुय्यम शस्त्रे मुख्यतः त्याच्यासाठी असतात. ती चालवण्यासाठी कुणी चिलखताबाहेर डोके काढायचे का, हा प्रश्न मात्र रणगाडे बांधणाऱ्यांना आजही पुरता सुटलेला नाही.

रणगाड्यावर मशीनगन किती आणि कुठे?

साधारणपणे दोन किंवा तीन. पहिली फिरत्या बुरुजात, म्हणजे टरेटमध्ये, मुख्य तोफेला लागून बसवलेली असते. तोफ जिकडे वळेल तिकडे तीही वळते. तिला कोअॅक्सिअल मशीनगन म्हणतात. बोलताना नुसते ‘कोअॅक्स’. दुसरी छतावर, कमांडरच्या झाकणापाशी असते. अब्राम्समध्ये तोफेत गोळा भरणाऱ्या लोडरच्या झाकणापाशी तिसरीही असते. जर्मनीच्या ‘लेपर्ड-२’वर दोन मशीनगन आहेत आणि दोन्ही ७.६२ मिमीच्या. भारताकडे मोठ्या संख्येने असलेल्या ‘टी-७२’वर तोफेशेजारी ७.६२ मिमीची ‘पीकेटी’ आणि छतावर १२.७ मिमीची ‘एनएसव्हीटी’ असते.

मिमीतला हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात तो मोठा आहे. ७.६२ मिमीची गोळी माणसाला रोखते. १२.७ मिमीची गोळी विटांची भिंत, मालमोटारीचे इंजिन किंवा हलके चिलखत भेदते. म्हणूनच फ्रान्सने आपल्या ‘लेक्लर्क’ रणगाड्यात कोअॅक्स म्हणूनच १२.७ मिमीची मशीनगन घेतली. त्याआधीच्या ‘एएमएक्स-३०’च्या सुधारित आवृत्तीत तर तोफेशेजारी चक्क २० मिमीची छोटी तोफ होती आणि ती मुख्य तोफेपासून सुटी करून ४० अंशांपर्यंत वर उचलता येत असे. बाकी बहुतेक देश या वाटेने गेले नाहीत. टरेटमधील जागा अत्यंत मर्यादित असते आणि मोठ्या गोळ्यांचा पट्टा तीच जागा खातो. कमी संख्येने मोठ्या गोळ्या घ्यायच्या की भरपूर छोट्या, यात बहुतेकांनी दुसरा पर्याय निवडला.

मग तोफ पुरत नाही का?

तोफ पुरत नाही, कारण तिचे गोळे मोजके असतात. टी-७२च्या स्वयंचलित भरणी यंत्रात एका वेळी २२ गोळे राहतात. समोरच्या झुडपात हालचाल दिसली की एक गोळा, बांधाआडून कुणी डोकावले की दुसरा, असे सुरू केले तर खराखुरा शत्रू रणगाडा समोर येईपर्यंत पेटी रिकामी झालेली असेल. शिवाय दोन गोळ्यांमध्ये काही सेकंद जातात. आरपीजी खांद्यावर घेतलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. मशीनगनचा मारा मात्र अखंड सुरू ठेवता येतो. त्यात तो माणूस मेलाच पाहिजे असेही नाही. त्याने मान खाली घातली आणि नेम धरता आला नाही, तरी काम झाले.

आपलेच पायदळ जवळ असले की तोफेची आणखी एक अडचण होते. तोफेच्या तोंडाशी होणारा हवेचा दणका जवळच्या माणसाला इजा करतो. चिलखतभेदी बाणासारख्या गोळ्याभोवतीचे धातूचे कवच नळीबाहेर पडताच सुटून पुढे उडते आणि पुढे असलेल्या सैनिकांना लागू शकते. त्यामुळे पायदळासोबत पुढे सरकताना गनरचे बोट बहुतेक वेळा मशीनगनच्याच कळीवर असते.

मुख्य तोफेनेच हे काम करावे असे प्रयत्नही झाले. अमेरिकेच्या ‘एम१०२८’ या १२० मिमी गोळ्यात टंगस्टनचे १,०९८ छर्रे भरलेले असतात. थोडक्यात, रणगाड्याच्या तोफेची ती छर्ऱ्यांची बंदूक होते. पण असा एक गोळा घ्यायचा म्हणजे साठ्यातील दुसरा एक गोळा कमी करायचा.

कोअॅक्स इतकी अचूक कशी?

सैनिकाच्या हातातील मशीनगन आणि कोअॅक्स यांची गोळी एकच असते, पण कोअॅक्सला रणगाड्याची सगळी यंत्रणा फुकटात मिळते. तोफेची दुर्बीण, रात्री उष्णतेवरून दाखवणारा कॅमेरा, लेझरने अंतर मोजणारे उपकरण, नेम दुरुस्त करणारा संगणक आणि रणगाडा खाचखळग्यांतून धावत असतानाही तोफ स्थिर धरणारी यंत्रणा, हे सगळे तिच्याही कामी येते. तिचा धक्का माणसाच्या खांद्याला नव्हे, कित्येक टनांच्या बुरुजाला बसतो. त्यामुळे साधारण ९०० मीटरपर्यंत तिचा मारा कमालीचा नेमका असतो.

रणगाड्यासाठीची मशीनगन म्हणजे पायदळाचीच बंदूक उचलून बसवली, असेही नाही. ‘पीकेटी’ला दस्ता नसतो, नळी जास्त जाड असते आणि ती विजेच्या कळीने चालते. दोन हजार गोळ्या अडीचशेच्या आठ पेट्यांत भरलेल्या असतात. बंद टरेटमध्ये धूर कोंडतो, रिकामी काडतुसे आणि पट्ट्याच्या कड्या साठत जातात, आणि बंदूक अडली तर ती अंधाऱ्या, अडचणीच्या कोपऱ्यात हात घालून मोकळी करावी लागते. ब्रिटिशांनी ‘चॅलेंजर-२’मध्ये विजेच्या मोटारीवर साखळीने चालणारी मशीनगन घेतली ती याचसाठी. एखादी गोळी फुसकी निघाली तरी मोटार ती बाहेर फेकून पुढची आत घेते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. त्यांनी खास रणगाड्यांसाठी ‘एम७३’ ही आखूड मशीनगन बनवली. ती इतकी अडायची की सुधारून ‘एम२१९’ केल्यावरही तिची बदनामी गेली नाही. अखेर १९७७ मध्ये बेल्जियमची ‘मॅग’ ही मशीनगन ‘एम२४०’ नावाने रणगाड्यांत आली. ती इतकी भरवशाची निघाली की नव्वदच्या दशकात पायदळानेही तीच घेतली. शस्त्रे सहसा पायदळाकडून रणगाड्यात जातात. इथे उलटे घडले.

सुरुवात कशी झाली?

रणगाड्याचा जन्मच मशीनगनशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन मशीनगनच्या माऱ्यातून खंदक ओलांडता यावेत म्हणून ब्रिटिशांनी हे यंत्र बनवले आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते प्रथम उतरवले. त्या ‘मार्क-१’ रणगाड्यांचे दोन प्रकार होते. दोन्ही बाजूंना सहा पाउंडी तोफ असलेला तो ‘नर’ आणि फक्त मशीनगन असलेली ती ‘मादी’. नराने शत्रूची ठाणी फोडायची आणि मादीने त्याच्यावर धावून येणाऱ्या पायदळाला आवरायचे, अशी वाटणी होती.

ही वाटणी २४ एप्रिल १९१८ रोजी उघडी पडली. व्हिलेर-ब्रेतोनो इथे रणगाड्याविरुद्ध रणगाडा अशी पहिली लढत झाली. दोन ब्रिटिश ‘मादी’ रणगाड्यांच्या मशीनगन जर्मन ‘ए७व्ही’ रणगाड्याच्या चिलखतापुढे निष्प्रभ ठरल्या आणि त्यांना नुकसान सोसून मागे फिरावे लागले. नंतर काही ‘मादी’ रणगाड्यांना एका बाजूने तोफ बसवण्यात आली. तोफ मुख्य आणि मशीनगन दुय्यम, ही आजची मांडणी हळूहळू त्यानंतर पक्की झाली.

दुसऱ्या महायुद्धात चालकाशेजारी आणखी एक गडी बसू लागला. पुढच्या चिलखतातून डोकावणारी मशीनगन त्याच्या ताब्यात असे. अमेरिकी ‘शर्मन’मध्ये त्या मशीनगनला नेम धरायची दुर्बीणही नव्हती. चमकत जाणाऱ्या ट्रेसर गोळ्या कुठे पडतात ते पाहायचे आणि हात हलवायचा. युद्धानंतर ही जागा रद्द झाली आणि तिथे तोफगोळे ठेवले जाऊ लागले. पुढच्या चिलखतातले एक भोकही त्यामुळे बुजले.

मशीनगन नसली तर काय होते, याचे हमखास दिले जाणारे उदाहरण म्हणजे जर्मनीचे ‘फर्डिनंड’. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरलेल्या या अवाढव्य रणगाडाविरोधी वाहनाला मशीनगनच बसवलेली नव्हती. सोव्हिएत पायदळाने त्यांना जवळून गाठले आणि संपवले, असे सांगितले जाते. ही गोष्ट जरा फुगवलेली आहे. कितीतरी फर्डिनंड सुरुंगांवर आणि यांत्रिक बिघाडाने अडकली होती. पण जी वाचली ती कारखान्यात परतल्यावर त्यांच्या पुढच्या चिलखतात मशीनगन बसवली गेली, हे खरे.

छतावरची मशीनगन कोण चालवतो?

खरी अडचण इथे आहे. कोअॅक्स आतून चालते, पण तोफ जिथे पाहते तिथेच ती पाहते. बाजूने किंवा मागून कुणी आले तर टरेट वळेपर्यंत वेळ जातो. छतावरची मशीनगन ताबडतोब कुठेही वळते, मात्र ती चालवणारा छातीपर्यंत बाहेर असतो. शर्मनच्या अनेक रणगाड्यांवर तर तिची बैठक अशा ठिकाणी होती की ती नीट चालवायला सैनिकाला बाहेर येऊन मागच्या पत्र्यावर उभे राहावे लागे.

२६ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील होल्त्सव्हीर गावाजवळ अमेरिकी लेफ्टनंट ऑडी मर्फी यांनी नेमके हेच केले. पेट घेतलेल्या ‘एम१०’ या रणगाडाविरोधी वाहनावर चढून त्यांनी छतावरच्या १२.७ मिमी मशीनगनने जर्मन पायदळाला तासभर रोखले. पायाला जखम झाली तरी ते खाली उतरले नाहीत. त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. पुढे चित्रपटात स्वतःची भूमिकाही त्यांनी स्वतःच केली. पण एक माणूस तासभर उघड्यावर उभा राहून वाचला, हा अपवाद होता. त्यावर रणगाड्याची रचना बेतता येत नाही.

इस्रायलला याची किंमत १९७३ च्या युद्धात मोजावी लागली. आजूबाजूचे नीट दिसावे म्हणून कमांडरने झाकण उघडे ठेवून, डोके बाहेर काढून लढायचे, ही तिथली शिकवण होती. तिच्यामुळे इस्रायली रणगाडे चपळाईने लढले आणि तिच्यामुळेच कमांडर मोठ्या संख्येने मारले गेले. त्याच युद्धात सिनाईमध्ये इजिप्तच्या पायदळाने सोव्हिएत ‘सॅगर’ क्षेपणास्त्रांनी पायदळाविना आलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडवली. त्यावर निघालेला उतारा मशीनगनचा होता. सॅगर तीन किलोमीटर जायला साधारण २५ सेकंद घेई आणि तोवर ते सोडणाऱ्याला कळ धरून त्याला वाट दाखवत राहावे लागे. धूर दिसला त्या दिशेने मशीनगनचा मारा केला की त्याचा हात हले आणि क्षेपणास्त्र भरकटे. युद्धानंतर इस्रायली रणगाड्यांवर मशीनगनची संख्या वाढली. ‘मर्कावा’वर छतावरच्या मशीनगनखेरीज तोफेच्या नळीवर १२.७ मिमीची आणखी एक बसवता येते. ती आतून चालते आणि कुणाला बाहेर यावे लागत नाही.

अब्राम्सची गोष्ट तर विचित्रच. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत कमांडरला छतावरची मशीनगन आत बसून चालवता येत होती. ‘एम१ए२’मध्ये कमांडरला स्वतंत्र रात्र-दुर्बीण मिळाली आणि ही सोय गेली. मोकळ्या मैदानातील रणगाडायुद्ध डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा बदल इराकच्या गल्ल्यांत महागात पडला. मग लोडरच्या मशीनगनला चिलखती आडोसा आला, तोफेवर जादा १२.७ मिमी मशीनगन आली आणि शेवटी आतून पडद्यावर पाहून चालवायची दूरनियंत्रित मशीनगन आली. ती आली तेव्हा इतकी उंच होती की कमांडरच्या समोरचे दृश्यच झाकले जाई. त्यामुळे तिची बुटकी आवृत्ती काढावी लागली.

शहरात लढताना काय अडते?

भूमिती अडते. टी-७२ची तोफ साधारण सहा अंश खाली आणि चौदा अंश वर जाते. कोअॅक्स तिच्याशी जखडलेली, म्हणून तिचीही मर्यादा तीच. हिशेब केला तर रणगाड्यापासून पंधरा-सोळा मीटरच्या आत जमिनीवर पडून असलेल्या माणसाला दोन्हींपैकी काहीच लागत नाही. आणि वीस मीटरवरील इमारतीत पहिल्या मजल्याच्या वर मारा पोहोचत नाही.

रशियाने ३१ डिसेंबर १९९४ रोजी चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत रणगाडे घुसवले, तेव्हा चेचन लढवय्यांनी हाच हिशेब केला होता. ते तळघरांत आणि वरच्या मजल्यांवर दबा धरून बसले. रांगेतील पहिले आणि शेवटचे वाहन आधी पेटवायचे, मग मधली अडकलेली एकेक करून टिपायची. रणगाड्यांना वर आणि खाली नेम धरताच येईना. शेवटी रशियनांनी विमानांसाठी बनवलेल्या चार नळ्यांच्या ‘शिल्का’ तोफा रस्त्यांवर आणल्या, कारण त्या जवळजवळ उभ्या वळतात. दोन ३० मिमी तोफांचे ‘टर्मिनेटर’ हे रणगाड्यांची पाठराखण करणारे वाहन पुढे आले, त्यामागे चेचन्याचाच धडा होता.

भारतीय रणगाड्यांवर काय आहे?

भारतात तयार झालेल्या ‘विजयंता’वरील एका मशीनगनचे काम शत्रूला मारण्याचे नव्हतेच. ती अंतर मोजायची. १२.७ मिमीच्या त्या मशीनगनच्या गोळीचा मार्ग मुख्य तोफेच्या गोळ्याशी जुळवलेला असे. गनर आधी तिची छोटी फैर झाडी. ती लक्ष्यावर लागलेली दिसली की त्याच नेमाने १०५ मिमीची तोफ डागायची. लेझर आल्यावर ही पद्धत मागे पडली. अहिल्यानगरला, जिथे भारतीय रणगाडादलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या रणगाडा संग्रहालयात विजयंता, सेंच्युरियन आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन पाहायला मिळतात. तोफेच्या बाजूची भोके आणि छतावरच्या बैठका जवळून पाहिल्या तर या लेखातील बरेचसे तिथे समोर दिसते.

टी-७२ अर्थात ‘अजेय’मध्ये एनएसव्हीटी चालवायला कमांडरला बाहेर यावेच लागते. ‘टी-९० भीष्म’मध्ये तीच १२.७ मिमी मशीनगन आतून चालवण्याची सोय आहे. ‘अर्जुन’च्या पहिल्या आवृत्तीत छतावरची मशीनगन हातानेच चालवायची होती, ‘अर्जुन मार्क-१ए’मध्ये ती दूरनियंत्रित झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आवडीच्या कारखान्याला अशा ११८ रणगाड्यांची ७,५२३ कोटी रुपयांची मागणी नोंदवली. अर्जुनची १२० मिमी तोफ पुण्यात पाषाणच्या ‘एआरडीई’ संस्थेत विकसित झाली, हे मराठी वाचकांना ठाऊक असते. मशीनगन मात्र तिरुचिरापल्ली आणि कानपूरच्या आयुध कारखान्यांची खासियत.

ड्रोनसमोर मशीनगन टिकेल का?

छतावरच्या मशीनगनचे नशीब आकाशातील धोक्यानुसार बदलत आले आहे. १९५८ मध्ये सोव्हिएत ‘टी-५५’ आला तेव्हा तिच्यावरील विमानविरोधी मशीनगन काढून टाकली होती. जेट विमानांच्या वेगापुढे ती निरुपयोगी, असे तेव्हाचे मत होते. दहा-बारा वर्षांत क्षेपणास्त्रे घेतलेली हेलिकॉप्टरे आली आणि मशीनगन छतावर परतली. ‘टी-६२’वर ती १९७२ पासून दिसते.

आता युक्रेनमध्ये काही किलो वजनाचे ड्रोन रणगाडे उडवत आहेत. ड्रोन लहान, वेगवान आणि कुठूनही वळणारा. त्याच्यावर हाताने मशीनगन रोखायची तर कमांडरला झाकण उघडायला हवे, आणि उघडे झाकण हेच ड्रोनचालकाचे आवडते लक्ष्य. शिवाय ड्रोन अडवण्यासाठी रशियनांनी रणगाड्यांवर उभारलेल्या जाळ्या आणि पत्र्याचे मांडव छतावरच्या मशीनगनच्याच आड येतात. २०२४ पासून दिसू लागलेल्या ‘कासव’ रणगाड्यांत तर टरेटही धड फिरत नाही. स्वतःला वाचवण्यासाठी रणगाड्याने आपली शस्त्रेच झाकून घेतली, असा हा प्रकार.

पाश्चात्त्य कंपन्यांचे उत्तर मोठी आणि आपोआप नेम धरणारी दुय्यम तोफ हे आहे. २०२२ मध्ये दाखवलेल्या ‘अब्राम्स एक्स’ या प्रायोगिक रणगाड्याच्या छतावर ३० मिमीची दूरनियंत्रित तोफ आहे. ३० मिमीच्या गोळ्यात लक्ष्याजवळ फुटणारा फ्यूज बसवता येतो, त्यामुळे ड्रोनला थेट गोळी लागण्याची गरज उरत नाही. पण गोळ्या मोठ्या म्हणजे संख्येने कमी, हा जुना हिशेब इथेही सुटत नाही. आणि दूरनियंत्रित मशीनगनची दारूगोळ्याची पेटी टरेटच्या बाहेर असते. पट्टा संपला किंवा बंदूक अडली, तर अजूनही बहुतेक रणगाड्यांत कुणाला तरी झाकण उघडून वर यावे लागते.